पुठ्ठ्याची सीताबर्डी

पहिला षट्कोन कापला तेव्हा माझी मुलगी जाऊन सात आठवडे झाले होते. ती जन्मायच्या आधीच गेली. आठवा महिना चालू होता, पुढच्या आठवड्यात मी बाळंतपणाला माहेरी उमरेडला जाणार होते. एका सकाळी चहा गाळताना लक्षात आलं की कालपासून आत काही हललेलं नाही. दुपारी दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. मला ती दाखवली नाही. नर्स म्हणाली, पाहू नका, त्रास होतो. मीही हट्ट धरला नाही. मुलगी होती, एवढं नंतर आईकडून कळलं.

आई पंधरा दिवस राहिली आणि गेली. मला दूध येत होतं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझी छाती घट्ट बांधली. सासूबाईंना मी आईच म्हणायची. त्या पट्टी बांधायच्या, सोडायच्या, धुवायच्या, पुन्हा बांधायच्या. आठवडाभरात दूध आटलं. मग पट्टी घडी करून कपाटात गेली.

मी फार रडले असेन असं लोकांना वाटतं. मी रडले नाही. मला भूक लागायची, झोप लागायची, केस विंचरता यायचे. फक्त माणसं बोलायची ते पलीकडच्या खोलीतून आल्यासारखं वाटायचं. एकदा वरण चुलीवर करपलं, आणि मी त्याच्यासमोरच उभी होते. वास आला, धूर दिसला, पण पातेलं उतरवावं असं हाताला सुचलं नाही. त्यानंतर आईंनी स्वयंपाकाची कामं हळूहळू माझ्याकडून काढून घेतली. रागावून नव्हे. "तू बस वं," म्हणायच्या. मी बसायची. घर सक्करदऱ्याच्या बाजूला होतं, दोन खोल्या आणि पुढं कौलारू छपरी. छपरीच्या आतल्या दाराशी मी बसायची आणि बाहेर मामाजी काम करत असायचे.

मामाजी म्हणजे माझे सासरे. मूळचे कुहीकडचे, धानाची शेती धाकटा भाऊ पाहायचा. हे शिकून जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायला लागले आणि तिथंच निवृत्त झाले. उंच, हडकुळे, कमी बोलणारे. लग्नाला दोन वर्षं झाली तरी आमचं थेट बोलणं होत नसे. मी डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवायची, ते "हं" म्हणायचे. काही सांगायचं असलं तर आईंना सांगायचे, आई मला सांगायच्या.

त्यांना एकच नाद होता, आणि त्या नादाला गल्लीत सगळे हसायचे. दर रविवारी सदरहून त्यांचे एक मित्र सायकलवर यायचे. सैन्यातून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना कप्तानसाहेब म्हणायचो. त्यांच्या भावानं विलायतेहून शिशाचे बोटभर शिपाई आणि लढाईच्या खेळाचं एक नियमांचं पुस्तक पाठवलं होतं. दोघं म्हातारे लाकडी तखतावर खडूनं चौकोन आखायचे, शिपाई मांडायचे, फासे टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत जुन्या लढाया लढायचे. बुद्धिबळासारखंच, पण मैदान दर वेळी वेगळं. कुठं नदी, कुठं डोंगर.

चौकोनांवरून त्यांची भांडणं व्हायची. तिरपं गेलं की एकाच घरात जास्त अंतर कापलं जातं, हे मामाजींना पटायचं नाही. नकाशे काढणारा माणूस, अंतर चुकलेलं त्यांना सोसत नसे. मग कप्तानसाहेबांनी एका मासिकातलं चित्र आणून दाखवलं. त्यात मैदानावर चौकोन नव्हते, मधाच्या पोळ्यासारखी सहा बाजूंची घरं होती. मामाजींनी ते चित्र आठवडाभर उशाशी ठेवलं आणि ठरवलं की असा पट आपण घरीच करायचा. त्यावर सीताबर्डीची लढाई मांडायची. भोसल्यांची फौज एका बाजूला, इंग्रजांची पलटण दुसऱ्या बाजूला, मधे किल्ल्याच्या दोन टेकड्या, मोठी आणि लहान. बाजारात जाता येता पाहिलेल्याच त्या टेकड्या, पण मामाजींना त्यांचा उतार न् उतार पाठ होता.

हे सगळं माझं मूल जायच्या आधीचं. माझ्या बाळंतपणाच्या गडबडीत तो पट तसाच राहिला होता.

माघ नुकताच लागला होता. दुपारची वेळ, आई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मी नेहमीसारखी दाराशी बसले होते. मामाजी पुठ्ठ्यावर पोलादी पट्टी ठेवून सुरी चालवत होते. त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरायचा. पेन्सिल धरली की थांबायचा, पण जोर लावला की थरथर वाढायची. सुरी पट्टीवरून घसरली, पुठ्ठ्यात वेडीवाकडी शिरली. त्यांनी दुसरा तुकडा घेतला, तोही बिघडला. मग ते बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसले.

"बाई," ते म्हणाले.

मी वर पाहिलं. ते मलाच म्हणत होते.

"तुह्यानं हे कापणं होईल का? माह्या हातानं होऊन नाही राहिलं."

मी उठले, छपरीत गेले आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले. सासऱ्यासमोर मी पहिल्यांदाच बसत होते. पदर डोक्यावर होता, तो सुरी धरताना घसरला आणि मी परत घेतला नाही. त्यांनीही पाहिलं नाही असं केलं.

आधी त्यांनी कागदावर मला षट्कोन काढून दाखवला. कंपासनं एक गोल काढला आणि म्हणाले, "आता कंपास हलवाचा नाही. जेवढा उघडला तेवढाच ठेवून गोलावरून चालत जाचं. पाह्य." टोक ठेवत ठेवत ते गोलाला फिरले आणि सहाव्या पावलाला बरोबर जिथून निघाले तिथं आले. सहा खुणा पट्टीनं जोडल्या की झाला षट्कोन.

"चौकोनाले आठ शेजारी असतात," ते म्हणाले. "चार सख्खे, चार कोपऱ्यातले. कोपऱ्यातल्यांचीच कटकट. याले सहाच शेजारी. सगळे सारख्या अंतरावर."

एवढं ते माझ्याशी आजवर कधी बोलले नव्हते. मी मान हलवली.

पत्र्याचा एक साचा त्यांनी कचेरीतल्या जुन्या मित्राकडून कापून आणला होता. समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर दोन इंच. साचा पुठ्ठ्यावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, मग पट्टी धरून सुरीनं सहा काप. पुठ्ठा बाइंडरकडचा, जाड. एका कापात तुटत नसे. पहिल्यांदा नुसती रेघ उमटवायची, दुसऱ्यांदा अर्धं, तिसऱ्यांदा आरपार. एका तुकड्याला अठरा वेळा सुरी ओढायची. पटाला पाचशेच्या आसपास तुकडे लागणार होते, आणि टेकड्यांसाठी एकावर एक चढवायला आणखी.

त्या दिवशी मी नऊ कापले. दुसऱ्या दिवशी पंधरा. मग रोज दुपारी जेवणं झाली की मी छपरीत जाऊन बसायची. मामाजी नकाशावर टेकड्यांच्या रेघा काढत बसायचे, मी कापत बसायची. बोलणं नसायचंच. सुरीचा करकर आवाज यायचा आणि मला आवडायचा. आवडायचा म्हणजे काय, तो चालू असला की मला बाकी काही ऐकू येत नसे. बोटाला फोड आली, फुटली, घट्टा पडला. मला तो घट्टा दाबून पाहायची सवय लागली.

आई पहिल्यांदा नाराज होत्या. "लोकं काय म्हणतीन," एवढंच त्या आतून म्हणाल्या.  चार दिवसांनी त्यांनीच, आईंनी, मी बसायची तिथं एक चटई आणून टाकली.

होळी झाली तोवर दोनशेच्या वर तुकडे झाले होते. मामाजींनी प्लायवूडची चौकट करवून आणली, चार फूट बाय तीन फूट, कडेला पट्टी ठोकलेली. आम्ही तुकडे तिच्यात मांडायला घेतले. पहिली ओळ छान बसत गेली. चौदा, पंधरा, सोळा. अठरावा तुकडा बसेना. कडेच्या पट्टीवर चढून राहिला. दुसरी ओळही तशीच. मामाजींनी एक तुकडा साच्यावर ठेवला, डोळ्यांजवळ नेला.

"रेघ ठेवून कापलं तू," ते म्हणाले.

पेन्सिलची रेघ साच्याच्या बाहेरून जाते. ती तुकड्यात ठेवली की तुकडा प्रत्येक बाजूला रेघेएवढा वाढतो. एका तुकड्यात ते दिसत नाही. अठरा तुकडे शेजारी शेजारी लावले की पाऊण इंच होतं. मी दीड महिना अतिशय काळजीपूर्वक चुकीचं कापत होते.

मी म्हटलं, "माझी चूक झाली."

"नाही. सांगाचं माह्याकडूनच राहिलं. रेघेच्या आतून कापाचं. रेघ कचऱ्यात गेली पाहिजे."

"मग हे?"

"हे टेकड्यांच्या पोटात भरू. कोणाले दिसत नाही तिथं."

त्यांनी ते दोनशे तुकडे एका पिशवीत भरले. मला वाईट वाटेल असं त्यांना वाटत असावं, कारण त्या दिवशी ते दोनदा माझ्याकडे पाहून गेले. मला वाईट वाटलं नाही. पुन्हा पहिल्यापासून कापायचं आहे, म्हणजे अजून कितीतरी दुपारी आहेत, एवढंच मनात आलं. मी नवा पुठ्ठा घेतला.

चैत्र लागला. ऊन चढलं, छपरीला वाळ्याच्या तट्ट्या बांधल्या, त्यांच्यावर पाणी मारायचं काम माझं. अशाच एका दुपारी मी कापता कापता विचारलं. विचारायचं म्हणून ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"मामाजी, तिले कुठं ठेवलं?"

त्यांची पेन्सिल थांबली. कुणाला म्हणते ते त्यांना विचारावं लागलं नाही.

"स्मशानघाटावर," ते म्हणाले. "मागच्या भिंतीपासून अठरा पावलं. चिंचेच्या झाडाच्या उगवतीले. डोकं उत्तरेकडं."

मी सुरी खाली ठेवली. ते पुढं म्हणाले, "सवय हाय. जमिनीवर गेलो का पावलं मोजली जातात."

"कोणी नेलं?"

"मीच. माह्या दुपट्ट्यात."

"हे होते ना?"

हे म्हणजे माझा नवरा. 

"फाटकापर्यंत आला. त्याच्यानं आत येणं झालं नाही. मी म्हटलं, तू इथंच थांब गा."

तट्ट्यांवरून पाणी टपकत होतं. मी विचारलं, "कशी होती?"

"केस होते," ते म्हणाले. "भरपूर. कपाळावर आले होते."

मी पुन्हा सुरी उचलली आणि अर्धा राहिलेला तुकडा पूर्ण केला. तो बरोबर कापला गेला, रेघेच्या आतून. मग मामाजी म्हणाले, "पाह्याचं असन तर नेतो तुले."

दोन दिवसांनी सकाळी आम्ही निघालो. आईंनी विचारलं, "कुठं चाल्ले?" मला वाटलं मामाजी पुठ्ठ्याचं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "घाटावर. बाईले दाखवून आणतो."

आई हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. "बायका जात नाहीत तिथं."

"माहीत हाय मले."

 आई आत गेल्या आणि माझ्या चपला घेऊन बाहेर आल्या. माझ्या पायाशी ठेवून म्हणाल्या, "चपला काढू नको वं तिथं. गोखरू असते."

आम्ही सायकल रिक्षानं गेलो. मामाजी कडेला सरकून बसले होते, आमच्या मधे एक पिशवी होती. घाटावर एक माणूस लाकडं रचत होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि परत कामाला लागला. आम्ही मागच्या बाजूला गेलो. मामाजींनी भिंतीला टाच टेकवली आणि चालायला लागले. ओठ हलत होते. अठराव्या पावलाला थांबले.

"इथं."

तिथं काही नव्हतं. वाळलेलं गवत, चिंचेची टरफलं. दोन बकऱ्या चरत होत्या, एक अगदी तिथंच. मामाजींनी तिला हुसकलं नाही, ती आपणच पुढं गेली. मग ते माझ्याकडे पाठ करून झाडाखाली जाऊन उभे राहिले.

मी उभी राहिले. काहीतरी वाटेल म्हणून वाट पाहिली. मी खाली बसून जमिनीवर हात ठेवला. जमीन गरम होती. मला आठवतं, त्या वेळी माझ्या मनात आलं की अजून एकशे चाळीस तुकडे राहिलेत आणि पुठ्ठा संपत आलाय. आल्याबरोबर त्याची लाज वाटली, पण विचार गेला नाही. थोड्या वेळानं मी उठले. पदराला खरंच गोखरू चिकटले होते, ते एकेक करून काढले.

परत येताना रसवंतीवर थांबलो. मी बर्फ घातलेला रस एका दमात प्यायले आणि मामाजींनी न विचारता दुसरा ग्लास मागवला. तोही मी प्यायले. इतकी तहान लागली होती हे मला माहीत नव्हतं.

माझे पती एका कापड गिरणीत रंगखात्यात होते. त्यांच्या नखांत कायम कुठला तरी रंग असायचा, निळा नाहीतर किरमिजी. पाळी संपवून ते चार वाजता घरी यायचे. त्या दिवशी आईंनीच त्यांना सांगितलं असावं. ते हातपाय धुऊन छपरीत आले, मी कापत होते.

"तू घाटावर गेली होती?"

"हो."

"मले काहून नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "तुम्ही कधी काही विचारलं नाही."

हे उत्तर बरोबर नव्हतं, मला तेव्हाही कळत होतं.   "मी फाटकाजवळ होतो," ते म्हणाले. "तिथंच राहिलो." मग आत गेले. त्यानंतर आठ दहा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मीही तेवढंच बोलले. खरं सांगायचं तर त्याआधीही आम्ही कामापुरतंच बोलत होतो. फरक एवढाच की आता दोघांच्याही ते लक्षात आलं होतं.

तुकडे पूर्ण झाले. सरस शिजवून आम्ही ते चौकटीत चिकटवले, या वेळी अठरावा तुकडा अलगद बसला. टेकड्यांसाठी माझे जुने, चुकलेले तुकडे एकावर एक रचले. मोठ्या टेकडीला पाच थर, लहान टेकडीला तीन, मधल्या खिंडीला एक. वरच्या थराला नवे तुकडे लावले. मामाजींनी भुसा सरसात कालवून उतार लिंपले. रंगवायची वेळ आली तेव्हा त्यांनी बाजारातून पोस्टर रंगाची हिरवी बाटली आणली आणि सगळं हिरवंगार करायला घेतलं.

चार वाजले होते. हे कामावरून आले, सायकल लावली आणि पटासमोर थांबले. इतक्या महिन्यांत त्यांनी त्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

"बाबा, लढाई कोणत्या महिन्यातली हाय?"

"नोव्हेंबर," मामाजी म्हणाले. "काहून?"

"नोव्हेंबरात इतकं हिरवं कुठं असते इथं? गवत पिवळं पडलं असन. टेकडीवर तर मुरूमच दिसन."

मामाजींनी कुंचला खाली ठेवला. "मग तू सांग, कसं कराचं?"

हे खाली बसले. आईंकडून गेरू मागितला, हळद मागितली, चुलीतली राख मागितली. एका करवंटीत हिरवा, दुसरीत गेरू, तिसरीत राख. थेंब थेंब मिसळून त्यांनी एक रंग केला आणि एका तुकड्यावर लावला. तो ओला असताना काळपट दिसत होता. "वाळू द्या," ते म्हणाले. वाळल्यावर तो दिवाळीनंतरच्या माळाचा रंग झाला, अगदी तोच.  "जमलं," मामाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून हे कामावरून आले की चहा घेऊन थेट छपरीत बसायचे. गिरणीतून सुताची तुटकी टाकाऊ टोकं आणायचे, ती रंगवून, पिंजून झाडं करायचे. मी बुडखे कापून द्यायची. एकदा त्यांनी मला नदीचा एक तुकडा दाखवला.

"हा निळा बरोबर वाटते का?"

"नाग नदी इतकी निळी नसते," मी म्हटलं. "थोडी माती टाका."

त्यांनी टाकली. मग पुन्हा दाखवला. मी मान हलवली. खूप दिवसांनी आम्ही एकमेकांना काहीतरी विचारलं आणि उत्तर दिलं होतं.

वैशाखात पट तयार झाला. त्या रविवारी कप्तानसाहेब आले, सायकल भिंतीला टेकवून छपरीत शिरले आणि चष्मा काढून पुसला. त्यांनी पटावरून हात फिरवला. एका घराची कड दुसऱ्याला कुठं लागते ते नखानं तपासलं.

"ये किसने काटा?"

"सुनेनं," मामाजी म्हणाले.

कप्तानसाहेब माझ्याकडे वळले. "बहू, फौज में होती तो मैं तुझे नक्शे पे बिठाता." मी मान खाली घातली. आत आई हसल्या ते मला ऐकू आलं.

ती लढाई सकाळी सुरू झाली आणि जेवणाला थांबून संध्याकाळी संपली. मामाजी भोसल्यांकडून, कप्तानसाहेब इंग्रजांकडून. लहान टेकडी भोसल्यांच्या पगारी अरब शिपायांनी घेतली तेव्हा कप्तानसाहेब पार अस्वस्थ झाले. मग त्यांचे फासे चांगले पडत गेले आणि टेकडी परत गेली. शेवटी इंग्रज जिंकले. मामाजी म्हणाले, "लिहिलं होतं तसंच झालं." अंतरावरून मात्र दिवसभरात एकदाही भांडण झालं नाही.

पुढच्या चार वर्षांत आम्ही आणखी तीन पट केले. एक वाळवंटाचा, एक नदीच्या उताराचा, आणि एक नुसत्या सपाट शेतांचा. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, कशा दाखवायच्या ते मामाजींनी कुहीला जाऊन मोजून आणलं. मला मुलगा झाला. तेव्हा सातव्या महिन्यापासून आईंनी सुरी माझ्या हातातून काढून घेतली आणि कापायचं काम यांच्याकडे आलं. ते माझ्यापेक्षा हळू कापायचे, पण बिघडवायचे नाहीत. मुलगा नीट झाला, रडत आला. मी त्याला पाहिलं, मोजून दहा बोटं पाहिली, आणि मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. तो नंतर, हळूहळू आला. कोणत्या दिवशी ते सांगता येत नाही.

कप्तानसाहेब पुढं मुलीकडे मद्रासला राहायला गेले. जाताना मामाजींनी सीताबर्डीचा पट त्यांना दिला. ब्लँकेटात गुंडाळून, सुतळीनं बांधून यांनी तो स्टेशनवर पोचवला.

त्यानंतर वर्षभरानं मामाजी गेले. चार दिवसांचा ताप, मग सकाळी चहा मागितला आणि तो येईपर्यंत गेले. घरात पाहुण्यांची गर्दी होती, स्वयंपाक होता, आईंना सांभाळायचं होतं. मी सगळं केलं. करपू दिलं नाही काही.

महिनाभरानं कप्तानसाहेबांचं पत्र आलं. मामाजींच्या नावानं होतं, हिंदीत. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, पत्ता फक्त मामाजींच्या वहीत होता. त्यांनी लिहिलं होतं की समुद्राच्या दमट हवेनं पट वाकला आहे, मधून ताटासारखा फुगला आहे, शिपाई घसरून पडतात. काय करावं?

मी पोस्टकार्ड घेतलं आणि उत्तर लिहायला बसले. परक्या पुरुषाला लिहिलेलं माझं ते पहिलंच पत्र. मोडक्या हिंदीत लिहिलं की एकाच बाजूला तुकडे चिकटवले आहेत म्हणून ती बाजू ओढते आहे. पट पालथा घालावा, मागच्या बाजूला जाड कागद खळ लावून पूर्ण चिकटवावा, कुठं बुडबुडा राहू देऊ नये. मग सपाट जमिनीवर ठेवून वर पुस्तकांचं किंवा विटांचं वजन द्यावं, आठ दिवस हलवू नये. कडा उचललेल्या दिसल्या तर पुन्हा ओलसर फडकं फिरवून वजन ठेवावं. हे सगळं लिहून झाल्यावर कार्डावर दोन ओळींची जागा उरली. तिथं लिहिलं की मामाजी मागच्या महिन्यात गेले, त्रास झाला नाही.

यांनी पोस्टात टाकायच्या आधी ते वाचलं. म्हणाले, "बाबाचं आधी लिहाचं होतं."

"त्यांनी जे विचारलं ते आधी लिहिलं," मी म्हटलं.

 त्यांनी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि कामावर जाताना टाकून आले.